कापलेल्या ओळींचं तळघर

सोमवार, ४ मार्च

ताई,

सहा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा मायना काय घालावा याचा बराच वेळ विचार केला आणि शेवटी सोडून दिला. तूही हल्ली मायना घालत नाहीस. वर्षातून एकदा तुझं पत्र येतं आणि थेट सुरू होतं: मी ठीक आहे, दवाखान्यात काम बरं चाललं आहे, काळजी घे. तारसुद्धा याहून पाल्हाळिक असते. मी ती पत्रं आईच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि उत्तर देत नाही. का देत नाही ते तुला माहीत आहे. माझ्या शेवटच्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते तू विसरली नसशील, मीही विसरलेले नाही. ते मागे घ्यायला हे पत्र लिहिते आहे असं मात्र समजू नकोस.

पत्रास कारण एवढंच की माझी बदली झाली, आणि तिथे मी जे पाहिलं ते सांगायला या दोन खोल्यांत दुसरं कुणी नाही. भिंतींना सांगून झालं.

तू नदीपलीकडे गेलीस तेव्हा मी टपाल तपासणीत नुकती लागले होते. आमचं काम कसं चालतं ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगते. आलेलं प्रत्येक पत्र आधी टंकलेखन खात्यात जातं. तिथल्या बायका ते पातळ कागदावर उतरवतात, एका ओळीवर एकच वाक्य. हाताने लिहिलेला मूळ कागद भट्टीत जातो. टंकलेल्या कागदाचे दोन तुकडे होतात, वरचा एका टेबलावर, खालचा दुसऱ्यावर, म्हणजे अख्खं पत्र कुणा एकाच्या नजरेला पडत नाही. नावं, पत्ते नसतात, फक्त लिहिणाऱ्याचा आकडा आणि गावाची खूण असते. टेबलावर आम्ही कापणाऱ्या. समोर शब्दांची यादी. यादीतला शब्द दिसला की ती ओळ पात्याने कापायची. उरलेल्या ओळी परत टंकल्या जातात, एकीखाली एक, मध्ये बोटभरही फट न ठेवता. त्याला साफ प्रत म्हणतात. माणसाच्या हातात तीच पडते. आपलं पत्र कापलं जातं हे बाहेर सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुठे कापलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आपलं दोघींचं तसं नाही. आम्हा कर्मचाऱ्यांची येणारी-जाणारी पत्रं निळ्या शिक्क्याची. टंकली जातात, पण कापत कुणी नाही. बारा वर्षांच्या नोकरीत मिळालेली एवढी एकच चैन. म्हणूनच तुझ्या पत्रांचा मला एवढा राग येतो. इतरांना निदान म्हणता येतं, तिने लिहिलं असेल, पण वाटेत कापलं. मला तेही म्हणता येत नाही.

तर बदली. डोळ्यांनी दगा दिला. मागच्या महिन्यात मी यादीबाहेरच्या दोन ओळी कापल्या आणि माझं बोटही कापलं. साहेबांनी मला तळघरात पाठवलं, कात्रणभांडारात. सगळे म्हणाले, चला, बाई अडगळीत गेल्या. मलाही तेच वाटलं होतं.

ताई, तुला कसं सांगू? जिना उतरले, जुन्या भांडारपालमामांनी दिवे लावले, आणि मी उभी राहिले ती उभीच. आपल्या शाळेचं मैदान आठवतं? तेवढी लांबी. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी मांडण्या, त्यांना इथे घोडे म्हणतात, आणि घोड्यांवर वह्या, कापडी पाठीच्या, जाड. पहिली चोपन्न वर्षांपूर्वीची. आम्ही कापलेली ओळ फेकत नाही, हे मला माहीत होतं. प्रत्येक ओळ आपल्या टेबलावरच्या त्या त्या गावाच्या वहीत खळीने चिकटवायची, शेजारी तारीख, आकडा, कोणता शब्द ते, आणि आपला नंबर लिहायचा. माझा नंबर सत्तेचाळीस. वही भरली की शिपाई घेऊन जायचा. कुठे नेतो हे मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

नियम पहिल्या साहेबांचा. ते म्हणे म्हणाले होते, कापलेलं नष्ट केलं तर ते कापलं होतं याला पुरावा काय?

मी मामांना विचारलं, "हे कुणी वाचतं का?"

"वाचायला कोण येतंय? नोंद झाली, काम संपलं."

"मग ठेवलंय कशाला?"

"टाकायचा हुकूम नाही म्हणून." त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "ओल तेवढी बघत जा. उंदीर नाहीत. खळीत मोरचूद असतो, खाऊन मरतात."

चोपन्न वर्षं या गावातल्या आणि पलीकडच्या माणसांनी जे खरं म्हणून लिहिलं ते सगळं तिथे आहे. एक ओळ हरवलेली नाही. सरकारने ज्याला जन्मभर घाबरावं तेच सरकारने इतक्या निगुतीने जपून ठेवलं आहे. मला हसू आलं, आणि मग अंगावर काटा आला.

हे पत्र टाकीन की नाही माहीत नाही. पाकिटात घातलं आहे, डकवलेलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

ताई,

पहिलं पत्र अजून टेबलावरच आहे. हे दुसरं.

आमच्या दालनात भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: शब्द बघा, वाक्य वाचू नका. बारा वर्षं मी ती पाटी पाळली. दिवसाला दीडशे कागद हातावेगळे करायचे म्हणजे वाचत बसून चालतच नाही. डोळ्याला सवय लागते. 'पूल' दिसला, काप. 'चौकी', काप. 'परवाना', काप. 'भीती' काप. टोपणनाव असलं तर काप, कारण ते सांकेतिक असू शकतं. 'माफ कर' हेसुद्धा यादीत आहे. कुणी माफी मागितली म्हणजे कुणाचा तरी गुन्हा झाला असा अर्थ निघतो, म्हणून.

तळघरात पाटी नाही. पहिल्या दिवशी सवयीने एक वही उघडली आणि डोळे शब्द शोधायला लागले, पण प्रत्येक ओळीत तो शब्द होताच, शोधायला काही उरलंच नाही. मग वाक्य वाचलं. बाळाने आज पहिलं पाऊल टाकलं, तेही चौकीसमोर, आणि दोन्ही पोलीस टाळ्या वाजवायला लागले. पुढचं वाचलं. मला भीती वाटते, पण तुला कळवली की निम्मी होते. आज पुलाखालून पाणी इतकं हिरवं दिसत होतं की तुझी साडी आठवली.

मला वाटायचं आम्ही कटकारस्थानं कापतो. ताई, आठ दिवसांत मी हजारो ओळी वाचल्या, एक कारस्थान सापडलं नाही. लोकांनी आपल्या माणसांना सांगितलेलं होतं. एवढंच.

आणि एक बाई. कोण ते माहीत नाही, आकड्यावरून ओळखते मी तिला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिचं एकच वाक्य आहे: तू पूल ओलांडून येशील तेव्हा माझ्या दाराला कडी नसेल. दर महिन्याला तेच, काना-मात्रेचा फरक नाही. दर महिन्याला कापलेलं. मी एक एक वही उतरवून पुढे पुढे बघत गेले. एकोणीस वर्षं. नंबर बदलत गेले, कापणाऱ्या निवृत्त झाल्या, मेल्या, नव्या आल्या, ही लिहीतच राहिली. शेवटी शेवटी बाजूला माझाही नंबर आहे. मी तिचं वाक्य एकतीस वेळा कापलं आणि मला ते एकदाही दिसलं नाही. तिला माहीत असणार की पोचत नाही. तरी लिहायचीच. देवळात न जाणारी मी, पण त्या वहीसमोर माझे हात आपोआप जोडले गेले.

आता बातमी. नवे साहेब तळघर बघायला आले. आमचे जुने साहेब नाकाला रुमाल लावून खाली उतरायचे, हे डोळे मोठे करून उतरले. दोन-चार वह्या चाळल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. हुशार माणूस आहे. बाकीच्यांना चोपन्न वर्षांत जे कळलं नाही ते त्यांना पाच मिनिटांत कळलं.

"हे सगळं लगद्याला जाईल," म्हणाले. "एप्रिलच्या मध्यापर्यंत. तुम्ही वह्या गावांप्रमाणे लावा, बांधा, आणि ट्रकबरोबर स्वतः जाऊन लगद्यात पडलेलं पाहून या. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

"कागदगिरणी कुठली, साहेब?"

"नदीपलीकडची."

म्हणजे तुझ्या गावची, ताई. एका दिवसाचा परवाना मिळणार आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो पूल ओलांडीन. तुला भेटायला येते आहे असं समजू नकोस, कामाला येते आहे.

शनिवार, २३ मार्च

माझ्या मिरचे.

तू मला या नावाने हाक मारायचीस. लहानपणी मी चिडले की नाक लाल व्हायचं म्हणून. आई ओरडायची, तिला चिडवू नकोस गं, आणि स्वतःच हसायची. तुझ्याखेरीज या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही.

काल दुपारी मी तुमच्या गावच्या वह्या लावत होते. आई गेली त्या महिन्याची वही हातात आली, उघडायची नव्हती, उघडली. एकतीस नंबरच्या हस्ताक्षरात बाजूला लिहिलं होतं, 'टोपणनाव'. आणि शेजारी ही ओळ: माझ्या मिरचे.

मी खाली बसले. घोड्याला पाठ लावून, फरशीवर. वाटलं, जगात आणखीही मिरच्या असतील. मग तारीख बघितली. आकडा बघितला. मग त्याच आकड्याचा खालचा तुकडा कुठे गेला ते शोधलं. तासभर लागला. दुसऱ्या टेबलाची वही, तोच दिवस.

त्या वेळी तुझं पत्र आलं होतं ते मला पाठ आहे. निळा शिक्का मारलेलं. आई गेल्याचं कळलं. मी ठीक आहे. काळजी घे. तीन वाक्यं. ती हातात धरून मी आईच्या रिकाम्या कॉटवर बसले होते आणि मला वाटलं होतं, हिच्या जागी दगड असता तर तोसुद्धा यापेक्षा बरं बोलला असता.

आता तू लिहिलं होतंस ते, जसंच्या तसं:

माझ्या मिरचे.
आई गेल्याचं कळलं.
परवान्यासाठी तीन दिवस चौकीच्या बाकावर बसून होते.
चौथ्या दिवशी परवान्याशिवाय निघाले, पुलाच्या मध्यापर्यंत पोचले.
पुलावरून आपली खिडकी दिसत होती, तू दिवा लावला होतास.
चौकीवाल्यांनी परत फिरवलं, ढकललं, पण मारलं नाही.
मी ठीक आहे.
तू एकटीने सगळं केलंस, मला माफ कर.
काळजी घे.

मी दिवा लावला होता, ताई. त्या खिडकीत तो दिवा आई गेल्यावर तेरा दिवस होता. तू तो पाहिलास. तू पुलावर होतीस आणि मी खिडकीत होते, आणि सहा वर्षं मी तुला शिव्या घालते आहे.

निळा शिक्का खोटा आहे. या गावात वेड्या माणसालाही माहीत असतं की आपलं पत्र कापलं जातं. दूधवाल्याला माहीत आहे, शाळेतल्या पोरांना माहीत आहे. माहीत नव्हतं ते फक्त आम्हाला, जे कापतो त्यांना. पात्याला धार लावता लावता आम्ही त्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. एवढा मोठा मूर्खपणा दुसऱ्या कुणाला जमला नसता.

आणखी एक सांगायचं आहे, सकाळपासून टाळते आहे. वरचा तुकडा एकतीस नंबरने कापला. खालच्या तुकड्यातल्या पाचही ओळींपुढे सत्तेचाळीस लिहिलं आहे. माझं अक्षर. सातचा पाय मी वळवते, तो वळवलेला. आई गेल्यानंतर कामावर गेले तो पहिलाच दिवस. 'परवाना', 'चौकी', 'पूल', 'माफ कर'. शब्द बघितले. कापलं. खळ लावली. बोटाने दाबून हवा काढली. मग माझंच पत्र मला घरी आलं.

मला आज रडता आलं नाही. नुसती बघत बसले. इतकं व्यवस्थित चिकटवलं आहे मी, एक कोपरा सुटलेला नाही.

रविवार, ३१ मार्च

ताई,

तुझे बाकीचे तुकडे शोधायला आठवडा लागला. सहा वर्षांच्या सहा पत्रांतले एकूण अठ्ठेचाळीस. प्रत्येक पत्राच्या वर मिरची आहे. किटलीच्या वाफेवर धरले की खळ सुटते, कागदाला इजा होत नाही. सगळे सोडवून आईच्या डब्यात ठेवले आहेत. दवाखान्यातल्या त्या म्हातारीची गोष्ट वाचून मी तळघरात एकटीच खदखदून हसले.

मग मला सुचलं की माझंही शेवटचं पत्र असेल. पलीकडे गेलेलं. तेही शोधलं. सापडलं.

मी काय लिहिलं ते तू विसरली नसशील, असं मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं. ताई, तुला ते आठवणार नाही. ते वाक्य तुला मिळालंच नाही. माझ्या त्या पत्रातली एकच ओळ कापलेली आहे. पुढे नंबर बारा. आणि यादीतल्या शब्दाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही, नुसती रेघ. चोपन्न वर्षांच्या वह्यांत मला अशी रेघ दुसरी दिसली नाही.

बारा नंबर म्हणजे काकू. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या, मला पातं धरायला त्यांनी शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आज सकाळी त्यांच्या घरी गेले. खिडकीशी बसून लोकर गुंडाळत होत्या. मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, काढला. "शेवटी सापडलं म्हणायचं तुला."

"काकू, हे तुम्ही कापलंत?"

"नंबर लिहिलाय ना मी. लपवलं कुठे?"

"यात यादीतला एक शब्द नाही."

"नाहीच. म्हणून तर रेघ मारली. खोटं कसं लिहू?"

"निळ्या शिक्क्याची पत्रं कापत नाहीत म्हणाला होतात तुम्ही मला."

"तसं सांगायचा हुकूम होता. जाणारी सगळी निळी पत्रं माझ्याच ट्रेमध्ये यायची. घरच्यांची पत्रं दुप्पट बारकाईने बघा, असं वरून होतं." लोकरीचा गुंडा त्यांनी बाजूला ठेवला. "बस. चहा टाकते."

"चहा नको. का कापलंत ते सांगा."

त्यांनी चष्मा डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "तू त्या दिवसांत डबा उघडायचीस आणि तसाच बंद करायचीस. पंधरा दिवस बघत होते मी. आणि मग तुझं हे पत्र माझ्यासमोर आलं. म्हटलं, पोरगी शुद्धीवर नाही, हे गेलं तर परत आणता येणार नाही. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या यादीने कापलं. एकच ओळ माझ्या मनाने कापली. चुकलं असेल तर बोल, ऐकून घेते."

भांडायला गेले होते, त्यांचे पाय धरून बसले. तेच पातं, तीच खळ. त्या पात्याने एवढ्या वर्षांत कुणी दया केली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. तू वर्षानुवर्षं लिहीत का राहिलीस ते मला आता कळलं. तुला माहीतच नव्हतं की मी तुला तोडलं आहे. तुला वाटत असणार, बहीण आळशी आहे, लिहीत नाही.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. "आता काय करणार आहेस त्या वह्यांचं?"

"हुकूम आहे. लगदा."

"हुकूम तर असतोच गं," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरचा लोकरीचा धागा उचलला.

घरी येताना मी विचार केला. ट्रकसमोर आडवी पडणारी बाई मी नाही. वह्या चोरून आणायच्या तर दोन खोल्यांत चोपन्न वर्षं मावायची नाहीत. पण खळ, पुठ्ठा, शिलाई, हे मला कळतं, साहेबांना कळत नाही. कापडी पाठ आणि पुठ्ठा लगद्यात चालत नाही. गिरणीत प्रत्येक वहीचं कव्हर कुणीतरी हाताने फाडून काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक वही कुणाच्या तरी हातात उघडते. आणि ट्रकमध्ये कोणती वही वर ठेवायची हे साहेबांनी माझ्यावर सोडलं आहे.

कळलं तर मला घेऊन जातील, हे मला कळतं. तरी तुमच्या गावच्या वह्या मी सगळ्यात वर लावणार आहे.

मंगळवार, १६ एप्रिल, दुपारचे चार

ताई,

हे पत्र मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. आज जे घडलं ते आधी लिहिते, नाहीतर नंतर मलाच खरं वाटणार नाही.

पूल लहान आहे. मला तो केवढा मोठा वाटत होता. ट्रकने तीन मिनिटांत पार झाला. मध्यावर मी मागे वळून बघितलं. आपली खिडकी दिसते.

गिरणीत लांबलचक ओटा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना बायका. वही यायची, कव्हर फर्रकन फाडायचं, पानं सरकत्या पट्ट्यावर टाकायची, पट्टा ती हौदात नेतो. पहिल्या पन्नासएक वह्या अशाच गेल्या. कुणी बघेना. मी हौदाच्या काठाशी उभी होते आणि ती पानं पाण्यात पडताना बघत होते. वाटलं, संपलं, फार शहाणी समजत होतीस स्वतःला.

मग मधल्या एका बाईचा हात थांबला. साधारण माझ्याएवढी. ती पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

शेजारची म्हणाली, "काय गं, काम कर ना."

"अगं, ही माझ्या बापाची भाषा आहे. 'चौकीवाल्याला सलाम ठोकून ठोकून हात लांब झाला,' असं दुसरं कोण लिहिणार?" तिने तारीख बघितली. "हे त्याने दादाला लिहिलेलं. दादा म्हणायचा, बाबा चार ओळींपुढे लिहीतच नाही."

तिने पान पट्ट्यावर टाकलं नाही. शेजारचीने आपल्या हातातलं पान उलटं धरलं होतं ते सरळ केलं. ताई, मी बघत होते, ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात एकेक करून थांबत गेले. यंत्राचा आवाज चालूच होता, पट्टा रिकामा फिरत होता. मग मुकादम ओरडत आला. जाडजूड, मिशाळ.

"काय चाललंय? सभा भरलीय?"

पहिलीने नुसतं पान पुढे केलं. त्याने ते हिसकावून घेतलं, खिशातून चष्मा काढला, वाचलं. मग दुसरं मागितलं. मग त्याने जाऊन खटका ओढला आणि यंत्र बंद झालं. एवढी मोठी गिरणी, आणि पानं उलटल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आमच्या कार्यालयातून फोन आला. मुकादमाने उचलला. माझ्याकडे बघत बघत म्हणाला, "पट्टा तुटलाय साहेब. दोन दिवस लागतील. हो, तुमच्या बाई इथेच आहेत, हौदाजवळ उभ्या आहेत, नीट बघतायत." आणि ठेवला.

मी म्हटलं, "दोन दिवसांनी?"

"दोन दिवसांत पुष्कळ वाचून होतं, बाई," तो म्हणाला. "आणि न्यायचं तेही नेऊन होतं."

लोक आत येत होते. कुणी कुणाला बोलावलं कळलं नाही. म्हातारे, कामावरून उठून आलेले, पिठाचे हात तसेच घेऊन आलेला पाववाला. रांग लावायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी लागली. एक बाई वाचून दाखवायची आणि गर्दीतून कुणीतरी हात वर करायचं, ते माझं आहे म्हणून. मी बारा वर्षं पातं चालवलं आणि मला वाटायचं, कापलं की वाक्य मरतं. ती सगळी जिवंत होती. इतकी वर्षं मिटून, श्वास धरून पडलेली. मी तिथे उभी होते आणि माझं तोंड उघडं राहिलं होतं. कुणीतरी मला बसायला पेटी दिली.

उद्या काय होईल ते उद्या बघू. ट्रकच्या पावतीवर सही कोणाची आहे हे शोधायला साहेबांना फार वेळ लागणार नाही.

आता आपलं.

मी तुझ्या जिन्यात, तुझ्या दाराबाहेर, वरून तिसऱ्या पायरीवर बसले आहे. आतून भांड्यांचा आवाज येतो आहे, म्हणजे तू घरी आहेस. नळ अर्धवट बंद करायची तुझी खोड अजून गेलेली नाही. मी ही पाचही पत्रं आणि तुझे अठ्ठेचाळीस तुकडे दाराखालून सरकवते आहे. त्यांच्यात काकूंनी कापलेला माझा एक तुकडाही आहे. तो वगळावा असं दहादा मनात आलं. काकूंच्या दयेचे उपकार आहेत, पण तुला काय कळावं हे आता दुसऱ्या कुणी ठरवायला नको, मीसुद्धा नाही. तर वाच. त्यावर लिहिलं आहे: तू माझी बहीण नाहीस, आणि आईला शेवटी तुझं नावसुद्धा आठवलं नाही.

ते खोटं होतं, ताई. आई शेवटचे चार दिवस फक्त तुलाच हाक मारत होती. मी उशाशी बसलेली असायची, तिचा हात माझ्या हातात असायचा, आणि ती दाराकडे बघून तुझं नाव घ्यायची. शेवटच्या संध्याकाळी तिने मला विचारलं, ती आली का? मी म्हटलं, येते आहे, पुलावर पोचली. तिने डोळे मिटले आणि हसली.

मी तिला बरं वाटावं म्हणून थाप मारली होती. ती गेल्यावर तू खरोखरच पुलाच्या मध्यापर्यंत पोचली होतीस, हे मला सहा वर्षं माहीत नव्हतं.

ही ओळ तुला कोणत्याही वहीत सापडणार नाही. ती कुणी कापली नाही. मीच लिहिली नव्हती.

परवाना सहापर्यंत आहे. मी इथेच आहे.

तुझी मिरची